समुद्राकडची खोली

मार्वेच्या धक्क्यावरून बोट सुटते
आणि पाच मिनिटांत मुंबई संपते,
असं पाहुण्यांना वाटतं.
मतदार यादीत आम्ही मुंबईच.
पाण्याचं बिलही मुंबईचं,
पाणी एक दिवसाआड.

मनोरीत शिरताना पाट्या लागतात:
रूम मिळेल. होम स्टे. फॅमिलीसाठीच.
एकीवर नुसतंच 'समुद्र' आणि पुढे बाण,
जणू तो कुणाला चुकणार आहे.

हायसिंथमामाचा घोडा सोमवारी जागचा हलत नाही.
त्याला वार कळतात.
सोमवारी आम्ही वाळूतून बाटल्या वेचतो,
एकेकटी चप्पल,
एकदा डब्यात ठेवलेला दुधाचा दात.
तो अजून माझ्याकडे आहे, कुणी फोन केला नाही.
मंगळवारी चादरी.
बुधवारी गाव गावासारखं असतं,
बायका ओट्यावर बोंबील निवडत
एकमेकींच्या सुनांना नावं ठेवतात
आणि कुणीही आमचा फोटो काढत नाही.

शुक्रवार लपवालपवीचा.
समुद्राकडच्या खोलीतून आधी पप्पांचा फोटो उतरतो,
मग त्याच्यामागची पाल,
मम्मीचं गुडघ्याचं तेल,
माझी जपमाळ, माझी उशी.
खोली कधी कुणाची नव्हतीच अशी करावी लागते.
लोक त्याचेच पैसे देतात.
दोन रात्री मी चुलीच्या खोलीत निजते,
मसाल्याच्या बाटल्यांच्या पायथ्याशी,
आणि भिंतीपलीकडून ऐकू येतं:
काय नशीब आहे या लोकांचं,
रोज हा समुद्र!

खिडकी माझी आहे.
शनिवारचा समुद्र मी तिच्यातून
एकवीस वर्षांत पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी लेविनानं, भाचीनं, हट्टानं
मला महाबळेश्वरला धाडलं. दोन रात्री.
क्लोटीआंटी, तू पण कधीतरी पाहुणी हो.
झाले.
दरीकडची खोली, पांढरी चादर, साबणाची इवलीशी वडी.
सकाळी उठून आधी मीच चादर घडी केली,
न्हाणीघर खराट्यानं घासलं.
मग पलंगावर बसले तर समोर
भिंतीवर एक चौकोन,
बाकी भिंतीपेक्षा थोडा गोरा,
आणि वर खिळा.

खिळा कुणीच काढत नाही.
दर आठवड्याला कोण ठोकत बसणार.

चहा घेऊन आली तेव्हा विचारलं,
शेवंताबाई, इथं कोण असतं?
ती घाबरली. म्हणाली, कोणी नाही ताई, खोली स्वच्छ आहे.
म्हटलं, तसं नव्हे. खिळ्यावर.
बराच वेळ ती ट्रे धरून उभी.
सासरे, म्हणाली. स्ट्रॉबेरीत गेला जन्म.
आणि तू कुठं निजतेस?
जिन्याखाली.
मी चुलीशी, मी सांगितलं.
मग आम्ही दोघी इतक्या हसलो
की खालून तिचा नवरा बघायला आला.

सासरे संध्याकाळी परत लागले भिंतीवर.
फेटा, एक डोळा बारीक.
त्यांच्या देखत मला गाढ झोप लागली.

परत आल्यावरच्या शुक्रवारी
मी पप्पांना हात लावला नाही.
मम्मी म्हणाली, स्टार कमी देतील.
देऊ देत.

रविवारी सातच्या बोटीनं पाहुणे गेले.
खोलीत गेले तर फोटोवर टॉवेल वाळत घातलेला,
आमचाच, निळ्या काठाचा, वाळूनं भरलेला.
काढला. काचेवर पाणी, मिशीवर वाळू.
पप्पांनी आयुष्यभर मीठ काढलं,
समुद्रात गुडघ्यापलीकडे कधी उतरले नाहीत.
आता चेहरा असा,
नुकतीच एक डुबकी मारून आल्यासारखा.

टॉवेल भिजत टाकला.
काच लगेच पुसली नाही.
पुढच्या शुक्रवारचं
पुढच्या शुक्रवारी बघू.